चाळीस झाडांचं गुपित

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना अगदी नवं फूल सापडलं. जगात त्याची झाडं मोजून चाळीस. "पत्ता छापायचा नाही. लोक मुळासकट उपटून नेतील," सरांनी मला दहादा बजावलं. म्हणून शोधनिबंधात मी डोंगराचं नावसुद्धा येऊ दिलं नाही. शेवटचे आभार तेवढे सरांनी स्वतः लिहिले. सरांचं मन मोठं! ज्यांच्या लॉजच्या मागच्या उतारावर ही फुलं दिसली, त्या मालकांचे मनःपूर्वक आभार, फोन नंबरासकट.

निबंध छापून आल्यावर महिन्याभराने मालकांचा सरांना फोन आला. आवाज गहिवरलेला.

"सर, तुमच्या कृपेने महिनाभर एकही खोली रिकामी नव्हती बघा! काल पाहुण्यांनी शेवटचं झाडही नेलं. आता आणखी एखादं फूल शोधा ना. आभार मात्र आमचेच माना हं!"