एक वीत, सहा बोटं

हवामान-निधीच्या साहेबांनी वही उघडून मावशीसमोर धरली. अर्धं पान लिहिलेलं, पुढची सगळी कोरी.

"एकतीस आठवडे, मावशी! एक नोंद नाही. मी वर काय तोंड दाखवू?"

"आठवडा एकही चुकवला नाही," मावशी भिंतीला टेकून पाय चोळत म्हणाली. "गुडघा सुजला तेव्हा बसत बसत गेले झऱ्यावर."

"मग लिहिलं का नाही?"

"म्हणायला कोणी नव्हतं ना."

साहेब बिचारे गोंधळले. हवामान कसं बदलतंय याची नोंद इथल्या जमातीनेच ठेवावी, आपल्या रीतीने ठेवावी, म्हणून हा निधी निघाला होता. त्या रीतीसाठी साहेब चार वर्षं वरच्यांशी भांडत आले होते. झऱ्यातल्या उभ्या दगडावर पाणी कुठवर आलं ते वितीने मोजायचं, एवढी रीत त्यांना ठाऊक होती. पुढची कोणी सांगितली नव्हती, आणि खरं तर त्यांनीही विचारली नव्हती.

मावशीने लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. मोजणाऱ्याने घरी येऊन आकडा मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने तोच परत म्हणायचा. मगच वहीत. वही नव्हती तेव्हा भिंतीवर रेघ, पण रीत हीच. एकट्याचा आकडा लिहायचा नाही.

वस्तीतली बाकीची घरं एकेक करून शहराला गेली होती. उरली होती मावशी आणि तिचा म्हातारा.

"ती शेवटची नोंद बघा," ती म्हणाली. "एक वीत, सहा बोटं. त्यानेच म्हटली, त्या खाटेवरून. मग काही बोललाच नाही. दुपारी गेला."

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. अक्षर तिचंच होतं, सरळ आणि ठसठशीत.

"आणि नंतरचे आकडे?"

"खाटेला सांगते की. पण खाट कुठली बोलायला!"

ती हसली. साहेबांना ते हसणं ऐकवेना. तीस आठवड्यांच्या वर खंड पडला की निधी बंद, असा नियम होता. मग झऱ्यावर यंत्र बसणार, आकडे परस्पर शहरात जाणार, आणि मावशीची वही कपाटात. तो बंदचा कागद त्यांच्या पिशवीत सही होऊन तयार होता.

"आठवतात का ते आकडे?"

"दुसरं आठवायला आहे काय मला?"

साहेबांनी घाईघाईने पेन काढलं. "सांगा, मी लिहून घेतो."

"लिहीन मी. तुम्ही म्हणा." तिने वही मांडीवर ओढली. "एक वीत, पाच बोटं."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. कोणी ऐकत नव्हतं. "एक वीत, पाच बोटं," ते पुटपुटले.

"मोठ्याने."

"एक वीत, पाच बोटं!"

मावशीने लिहिलं. मग दुसरा, मग तिसरा. दहाव्यापर्यंत साहेबांची लाज गेली. पंधराव्याला वीत भरेनाशी झाली. मावशी मात्र दर आकड्यानंतर क्षणभर डोळे मिटायची आणि परत आलेला आवाज नीट ऐकून मगच लिहायची.

एकतिसावा तिने हळू सांगितला. "चार बोटं."

"नुसती चार?"

"विचारू नका, म्हणा."

"चार बोटं," साहेब म्हणाले, आणि त्यांचाही आवाज खाली आला.

त्यांनी पिशवीतला बंदचा कागद फाडला. खंड भरून निघाला होता. नव्या वर्षाचा फॉर्म काढून त्यांनी भराभरा रकाने भरले. शेवटचा राहिला, तातडीची गरज. खाली छापलेलं होतं: यंत्र, बॅटरी, गमबूट, इतर.

"काय लिहू, मावशी? गमबूट?"

मावशी खाटेकडे बघत होती.

"एक माणूस," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्याला लागेल."

साहेबांनी 'इतर'पुढे पेन टेकवलं. मावशीने त्यांचं मनगट धरलं.

"आधी म्हणा."