पायावरून गेलेला साप

हरिसिंगने पिकअप पुसदच्या रस्त्याला लावलीच नाही, सरळ तांड्याकडे वळवली. मागे हौद्यात नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली जमनी ओरडत होती, दवाखान्यात चला, दवाखान्यात. दिराने ऐकलं नाही. कापूस वेचताना शंकरसिंगच्या पिंढरीला घोणस चावून अर्धा तास होऊन गेला होता. पाय फुगून टम्म झाला होता, आणि हरिसिंगच्या मते त्यावर इलाज एकच, देवीलाल महाराज.

महाराज लिंबाखाली डोळे मिटून बसले होते. आणि ते तसे बसले की कुणी शब्द काढायचा नाही, असा तांड्याचा नियम. नियम केला कुणी? महाराजांनी तर नाही. बारा वर्षं बाहेर कुठे कुठे साधना करून हा माणूस परत आला, आणि आपला गुमान बसायला लागला. बाकीचं सगळं लोकांनी चिकटवलं. याला ज्ञान झालं, याला आता दुखत नाही, भूक लागत नाही, भीती तर नाहीच नाही. मागच्या श्रावणात त्यांच्या उघड्या पायावरून साप गेला आणि ते तसूभर हलले नाहीत, हे तर दहा जणांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मी काही नाही रे बाबांनो, असं ते म्हणायचे, की लोक आणखी वाकून पाया पडायचे. खरा पोहोचलेला असंच म्हणतो म्हणे. आता यांच्यापुढे कुणी डोकं फोडावं?

शंकरसिंगला त्यांच्या पुढ्यात निजवलं. सात-आठ माणसं हात जोडून बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. जमनीला दोन्हीकडून भीती. असंच बसून राहिलं तर नवरा जाईल, आणि मध्येच बोललं तर महाराजांच्या कोपाने जाईल. पायावर माशा बसत होत्या, त्या ती पदराने हाकलत होती. तेवढ्यात शंकरसिंग थुंकला. थुंकीत रक्त होतं, हिरड्यांतून येत होतं. जमनी उठली आणि महाराजांचा खांदा धरून तिने गदागदा हलवला. बसलेल्या बायांनी तोंडावर पदर घेतले.

महाराजांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, मग पायाकडे, मग मातीतल्या रक्ताकडे. कोणता साप, कधी चावला, एवढंच विचारलं आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता पुसदला न्या.

कुणी जागचं हललं नाही. हरिसिंग तर हसला, अगदी भाबडेपणाने.

'महाराज परीक्षा घेऊन राह्यले आपली,' तो म्हणाला. 'एक डाव हात लावा फक्त. आमचा भरवसा पक्का हाय.'

महाराजांनी पुन्हा सांगितलं, तर यांनी पुन्हा हात जोडले. ते चिडले, ओरडले, तर लोकांनी त्यालाही कृपा समजून माना खाली घातल्या. काहीही बोललं तरी ती लीलाच ठरणार होती, आणि इकडे पायाची सूज गुडघ्याच्या वर चढत होती. आपल्या पुढ्यात, आपल्या नावावर एक माणूस मरणार, हे देवीलालला स्वच्छ दिसलं आणि त्याला दरदरून घाम फुटला.

'माहे हात पाहा,' तो म्हणाला. हात लटलट कापत होते. 'मले भेव लागून राह्यलं. तो साप पायावरून गेला ना, तवाही लागलं होतं. मी हाललो नाही, कारन मले हालताच आलं नाही. धोतर ओलं झालतं. तुमी सारे गेल्यावर मी ते धुतलं.'

एका बाईने मघाशी ठेवलेला नारळ उचलला आणि पिशवीत टाकला. हरिसिंगचं तोंड एवढंसं झालं होतं. मग ते रागाने लाल झालं. त्याने भावाच्या पाठीखाली हात घातले, त्याला उचलून हौद्यात ठेवलं आणि वळून म्हणाला, 'माह्या भावाले काही झालं, तर तुले सोडत नाही.'

आजवर याच माणसाला तो नमस्कार केल्याशिवाय बोलत नव्हता. देवीलालने ऐकून घेतलं आणि अनवाणीच हौद्यात चढला. जमनीशिवाय तांड्यातलं दुसरं कुणी चढलं नाही.

गाडी खड्ड्यांतून आदळत निघाली. देवीलालने शंकरसिंगचा पाय हलू नये म्हणून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. जमनी त्याच्याकडे पाहत होती. त्याचे ओठ सुकले होते, घाम थांबत नव्हता. असा घाबरलेला माणूस तिने जवळून कधी पाहिला नव्हता.

'एवढं भेव लागते, मंग आले कायले?' तिने विचारलं. 'ह्यायचं काही बरंवाईट झालं तर हरिसिंग तुमाले मारून टाकीन.'

'हो,' देवीलाल म्हणाला. 'पन गाडी आदळते. तू एकटी कुठं कुठं धरशीन?'

महागाव मागे पडलं. शंकरसिंगने डोळे मिटले, तेव्हा तिने त्याला हाका मारल्या. त्याने उघडले, पुन्हा मिटले. साप चावल्यापासून जो तो तिला एकच सांगत होता, घाबरू नको, काही होत नाही, महाराज आहेत.

'वाचतीन का हे?' तिने विचारलं.

'मले मालूम नाही, बाई.'

जमनी आता कुठे रडायला लागली, मोठ्याने, गळा काढून. देवीलालने तिला उगी राहा म्हटलं नाही.