इतवारची बैठक

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उतरल्यापासून वच्छलाने चौघांना विचारलं होतं, दारू सोडलेल्यांची बैठक कुठे भरते? पानठेलेवाला हसला. पिणाऱ्यांची म्हणत असाल तर मागच्या गल्लीत रोजच भरते, म्हणाला. मंगरू तिच्यामागे मान खाली घालून उभा होता. हात त्याने काखेत दाबून धरले होते.

या बैठकीची बातमी त्यांच्या एकोडी गावच्या नर्सने, विमलाबाईने, दिली होती. दर इतवारी भंडाऱ्याच्या एका शाळेत सात-आठ माणसं जमतात, आपापलं सांगतात आणि त्यातली काही खरंच दारूतून सुटतात. शाळा कोणती, ते तिलाही माहीत नव्हतं.

दोन शाळांना कुलूप होतं. तिसऱ्या शाळेच्या एका वर्गात मोठी माणसं पोरांच्या बाकांवर अवघडून बसलेली दिसली. त्यांच्यातले भैय्याजी उठून बाहेर आले. ते पोस्टातून निवृत्त झालेले होते आणि सात वर्षांपासून दारूला शिवले नव्हते. त्यांनी मंगरूला नाव विचारलं, गाव विचारलं नाही. आत जे बोललं जाईल ते बाहेर जाणार नाही, घरच्यांनी व्हरांड्यात बसायचं, एवढं समजावून ते त्याला आत घेऊन गेले.

वच्छला व्हरांड्यात, वर्गाच्या उघड्या खिडकीखाली बसली.

मंगरू आधीपासून पीत होता, पण छबी गेल्यावर त्याला धरबंध राहिला नव्हता. छबी त्यांची एकुलती एक मुलगी. ऐंशी सालच्या भाताच्या रोवणीत वच्छला दुसऱ्याच्या बांधीत रोवणं करत होती आणि पाच वर्षांची पोर बापाजवळ घरी होती. दुपारी ती गावाबाहेरच्या लहान तळ्यात, बोडीत, बुडालेली सापडली. पोलीसपाटलाने विचारलं, वच्छलाने विचारलं, मंगरूच्या म्हाताऱ्या आईनेही विचारलं. मी पिऊन निजलो होतो, पोरगी कधी उठून गेली मले आठवत नाही, एवढंच तो दर वेळी सांगायचा. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. वच्छलानेही सोडलं.

त्यानंतर दोन वर्षं त्याने मोहाची दारू पाण्यासारखी प्यायली.

आता वच्छलाच त्याला त्यातून ओढून काढत होती. दारू सोडल्यावर पहिले चार दिवस त्याला घाम फुटायचा, अन्न पोटात ठरायचं नाही, भिंतीवर किडे दिसायचे. ती त्याला पेज पाजायची आणि तो झोपेपर्यंत पाय दाबायची. त्याचा चुलतभाऊ तेजराम प्यायला बोलवायला आला, तर दारात आडवी उभी राहून तिने त्याला परत पाठवलं. घरात बुद्धाच्या तसबिरीपुढे मंगरूने शपथ घेतली तेव्हा ती शेजारीच बसली होती. बाई असावी तर अशी, असं एकोडीत बायका बोलू लागल्या.

दर इतवारी दोघं सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला जायची. परतताना ती एकच विचारायची.

"आज बोललात?"

तो नाही म्हणायचा. इतर जण बोलायचे. कुणी बायकोचे दागिने विकलेले, कुणी बापावर हात उचललेला. मंगरू ऐकायचा आणि घरी यायचा. बोलल्याशिवाय सुटत नाही असं भैय्याजी म्हणतात, ती त्याला आठवण करून द्यायची. मग खिडकीबाहेर बघत बसायची.

नवव्या इतवारी मंगरू उभा राहिला.

त्याने सांगितलं की त्या दिवशी तो निजला नव्हता. शिशी घेऊन तो बोडीच्या काठच्या पाळीवर गेला होता आणि छबीला सोबत नेलं होतं. ती कमळाच्या फुलासाठी पाण्यात उतरली. तिने दोनदा बाबा म्हणून हाक मारली.

"मी आयकलं," मंगरू म्हणाला. "अर्धी शिशी बाकी होती. बूच हरवलं होतं. उताराची जागा, खाली ठेवली तर सांडली असती. म्हणून आधी पिऊन घेतली, मंग उठलो. तेवढ्यात पाणी शांत झालं होतं."



"मले सगळं आठवते," तो म्हणाला आणि खाली बसला.

भैय्याजींनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आजपासून तू सुटलास, ते म्हणाले. मंगरू पोरासारखा रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला छातीत मोकळं वाटलं.

तो बाहेर आला तेव्हा वच्छला खिडकीखाली नव्हती. ती बसस्टँडवर बाकावर बसलेली सापडली. तो जवळ जाऊन बसला. तिने नेहमीसारखं विचारलं.

"आज बोललात?"

"बोललो," तो म्हणाला. "सुटलो मी, वच्छला. आता आयुष्यात पेणार नाही."

तिने मान डोलावली. मग पदराखालून मोहाच्या दारूची भरलेली शिशी काढली, बूच उपटून दूर फेकलं आणि शिशी त्याच्या हातात दिली.

"पहिल्या इतवारपासून सोबत आणून राहिली," ती म्हणाली. "मले आयकाचं होतं तेवढं आयकलं. आता प्या."