गेथिनचा गोल

तीन वर्षांचा होऊनही माझा गेथिन बोलत नव्हता. नदीकाठच्या पडक्या मठाच्या भोजनगृहात मात्र तो रोज एका भिंतीसमोर बसून बोटांनी गोल करायचा, आणि मला धडकी भरायची.

"बोलेल गं, मग तुझेच कान पिकतील," म्हणत मठाच्या राखणदार नेरिसमावशी त्याच्याजवळ वाकल्या आणि त्याची बोटं बघून थबकल्या. "इथले साधू जेवताना बोलत नसत. पाव हवा असला की असाच गोल करायचे. तू शिकवलंस?"

"मी? मला आत्ता कळतंय!"

"मग कुणी?"

छप्पर नसलेल्या त्या भोजनगृहात नुसतं गवत होतं. गेथिनने माझे हात ओढून त्यांची ओंजळ केली. भिंतीकडे बघत पुन्हा गोल केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

माझ्या रिकाम्या ओंजळीत ताज्या पावाची ऊब आली, आणि मग वजन.