पांडूच्या नावाचे रक्त

"पांडू पुरुष आहे, सर. आणि पांडूचे रक्त स्त्रीचे आहे."

इलाना आष्टमकरने संगणकाचा पडदा केंद्रप्रमुख डॉक्टर विनायकांकडे वळवला. पनवेलच्या त्या संशोधन केंद्रात दोन प्रकारची माहिती एकत्र जोडण्याचे काम तिच्याकडे होते. एका बाजूला रुग्णालयातील नोंदी, दुसऱ्या बाजूला त्याच रुग्णांच्या, शिबिरात घेतलेल्या रक्ताची जनुकीय तपासणी. विषय होता सिकलसेल, रक्तपेशींना कोयत्याचा आकार देणारा आजार.

नेऱ्याच्या पुढे, डोंगराला टेकलेल्या कातकरी वाडीत या दोन बाजू एकमेकींशी भांडत होत्या. नोंदींनुसार तिथले पांडूसारखे रुग्ण वेदनेने तळमळत होते. तपासणीनुसार एकाच्याही रक्तात तो आजार नव्हता. विनायकांचा निष्कर्ष ठरला होता. रुग्णालयाचे निदान चुकले. सोमवारपासून वाडीचे औषध बंद.

"रक्ताची नळी बदलली असेल," ते म्हणाले. "प्रयोगशाळेत होतं असं. एका नळीसाठी अख्खी वाडी काय धरून बसलीस?"

"मग किमान पांडूचं औषध थांबवू नका. मी त्याचं रक्त पुन्हा घेऊन येते."

"पांडूपुरतंच हं. बाकी सगळं जुळतंय. पुरुषांचं रक्त पुरुषांचं, बायकांचं बायकांचं. मी स्वतः पाहिलंय."

तेही खरे होते. इलाना सुकापूर गाव मागे टाकून वाडीवर पोहोचली.

पांडू ओटीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. वेदनेने त्याचा घसा बसला होता. इलानाने सुई काढली, तशी त्याची बायको साळू मध्ये येऊन बसली. तिने बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि स्वतःचा हात पुढे केला.

"घ्या."

"तुझं नको, साळूबाई. पांडूचं हवंय."

"त्याच्या अंगात हाय काय काढायला?"

"मागच्या शिबिरात त्याचंच घेतलं होतं ना?"

साळू पदराआड हसली. "काय बाई तुमी! दवाखान्यात याला भरती केला तवा डॉक्टर बोलला, पेशंटसाठी घरच्यांनी रगत द्या. आमी दिलं, तवा याला रगताची पिशवी चढली. मंग शिबिरात हाक आली, पांडूचं कोन हाय? मी हात पुढं केला. तुमचा दादला असा पडला, तर तुमी सुई त्यालाच टोचाल व्हय?"

"घेऊ दे गं त्यांना," पांडू पुटपुटला.

नळी बदललेली नव्हती, प्रयोगशाळाही चुकली नव्हती. एका माणसाची नोंद दुरुस्त करायची, की काम संपले. तिने पांडूच्या दंडाला पट्टा बांधला.

"पिशवी कधी चढवनार ते तेवढं सांगा," साळू म्हणाली. "समदी वाडी वाट बघतेय."

"समदी वाडी?"

"तर काय! आजारी मान्साचं रगत कोन काढू दील? भावासाठी भावानं दिलं, बहिनीसाठी बहिनीनं. ह्याला भाऊ नाय, म्हनून मी बसले."