घडीवरच्या दोन ओळी

कमलाक्षीच्या पत्राला शेषगिरींनी उत्तर दिलं नव्हतं, या गोष्टीला एकोणचाळीस वर्षं झाली होती. पत्र लग्नाआधी तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूहून आलेलं. निळं अंतर्देशीय पत्र, आत वळणदार देवनागरीत मराठी.

शेषगिरींच्या घरी बोलायला मराठी, शाळेत तमिळ. नागरीचं एक अक्षर येत नव्हतं. मुलीकडे मात्र कळवलं होतं, मुलगा फार वाचतो. दुसऱ्याकडून वाचून घ्यावं, तर आधीच लाजाळू माणूस. राहिलंच. लग्न झालं, संसार छान झाला, टोमणा तेवढा टिकला.

"चार ओळी लिहवल्या नाहीत तुमच्यानं," कमलाक्षी अजून म्हणे. मराठी लग्नपत्रिका आली की त्यांच्यापुढे सरकवी. "वाचा की, विद्वान! माझा चष्मा आत आहे."

मग शेषगिरींचाही चष्मा हरवत असे.

निवृत्तीनंतर ते तंजावूरच्याच एका कार्यालयात जुन्या तमिळ कागदांची सूची करत. यंदा तिथे मराठी कागदही आले, म्हणून सगळ्यांना मोबाइलवर नागरीचे धडे लागले. रोज पाच मिनिटं. शिवाय एक गट: आपली चूक फोटो काढून तिथे टाकायची, बाकीच्यांनी सुधारायची. शेषगिरींनी आठ दिवस काही टाकलंच नाही.

"मामा, चुका लपवल्या तर गुण कापतात," शेजारच्या टेबलावरची हरिणी म्हणाली.

"माझ्या चुका बघून गट बंद पडेल, अम्मा."

"अइयो, टाका तर!"

त्यांनी ‘घर’च्या जागी ‘धर’ लिहिलेला कागद टाकला. पाच मिनिटांत अकरा जणांनी सुधारला. कार्यालयातल्याच विघ्नेशनं तर स्वतःची तीच चूक खाली चिकटवली. शेषगिरींना मोठी मौज वाटली. मग रोज गटात एक चूक आणि डबा खाऊन झाला की गुपचूप त्या पत्राची एक ओळ.

‘तुम्हाला गाणं आवडतं का? लग्नानंतर मी नोकरी केली तर चालेल का?’

कमलाक्षी तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. शेषगिरी एकटेच हसले.

परवा लग्नाचा वाढदिवस. उत्तर पोस्टानंच घरी यायला हवं होतं, आणि नागरीतच. चार वेळा फाडून त्यांनी तीन पानं लिहिली. पोस्टात पाकीट चिकटवताना मात्र धीर सुटला. ‘आयुष्य’ बरोबर लिहिलंय ना? तिच्या पत्रात तो शब्द होता. त्यांनी खिशातलं ते पत्र उलगडलं.

आतल्या घडीवर बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. इतकी वर्षं शेषगिरी त्यांना पाठवणाऱ्याचा पत्ता समजत होते. आता बोट ठेवून त्यांनी त्या वाचल्या.

‘विद्वानाला मराठी पत्रच शोभेल, असं घरचे म्हणाले, म्हणून हे माझ्या मामांकडून लिहवून घेतलं, या दोन ओळीही. मला नागरी वाचता येत नाही. उत्तर तमिळमध्ये पाठवाल?’

शेषगिरींनी तिन्ही पानं खिशात घातली, खिडकीवर एक पोस्टकार्ड मागितलं आणि तमिळमध्ये एकच ओळ लिहून पेटीत टाकलं:

‘मलाही नागरी येत नव्हती.’