पाचव्या लेव्हलचा वीरेंद्र

"तू पाचव्या लेव्हलचा ना? मंग टाक ना पाचव्या लेव्हलचा मंत्र. पाहून काय राहिला?"

फोनवर रक्षाचा हा मेसेज टेकचंदनं दोनदा वाचला. पोरगी आपल्याला तपासून तर पाहत नाही ना?

कारण फोनच्या या बाजूला वीरेंद्र नव्हताच. दिघोरीच्या घरी, अंगणातल्या बाजेवर, चष्मा लावून वीरेंद्रचा बाप बसला होता.

खेळ पोरांचा. कॉलेजात असताना ते टेबलाभोवती बसून खेळायचे, आता फोनवर लिहून खेळतात. कोणी जादूगार होतो, कोणी वैद्य. संकटं आणायचं आणि फासे टाकायचं काम खुशबू नावाच्या मैत्रिणीचं. वीरेंद्र तुमसरला राइस मिलमध्ये नोकरीला लागला, खेळायला वेळ उरला नाही. त्यानं नव्या नंबरचा नवा फोन घेतला आणि जुना नंबरासकट बापाला देऊन गेला.

"पावसाचं पाहत जा, बाबा," तो जाताना म्हणाला होता. "फक्त त्या खेळाच्या ग्रुपले हात नोका लावू."

हात लावू नका म्हटल्यावर टेकचंद कसला गप्प बसतो!

याच खेळात साकोलीची रक्षा होती, आणि वीरेंद्रला तिच्याशीच लग्न करायचं होतं. पोरगी बौद्धांची. टेकचंदनं साफ नाही म्हटलं होतं. तिच्या घरूनही नकारच होता. त्यावर वीरेंद्रनं आदळआपट केली नाही, की पुन्हा विषय काढला नाही. तेच टेकचंदला खुपत होतं. एवढा शहाणपणा पोराला कुठून सुचला? नक्कीच पळून जायचा बेत असणार. एकुलता एक पोरगा हातचा जाईल या भीतीनं तो वीरेंद्र बनून खेळायला बसला. पोरीच्याच तोंडून बेत काढून घ्यायचा.

"काय करून राहिले जी तुमी?" बायकोनं, रुखमानं, घरातून विचारलं.

"पावसाचं पाहून राहिलो."

"सकाळपासून?"

टेकचंदनं फोन आणखी जवळ धरला. ग्रुपवर खुशबूचं उत्तर आलं होतं. तिनं न चिडता सगळं पहिल्यापासून सांगितलं होतं.

"जादूगाराची लेव्हल वेगळी, मंत्राची वेगळी. जादूगाराची लेव्हल म्हणजे त्यानं किती अनुभव कमावला ते. मंत्राची म्हणजे मंत्र किती भारी ते. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराले तिसऱ्या लेव्हलपर्यंतचेच मंत्र झेपतात. पाचव्याचा पाहिजे असन तर आधी स्वतः नववी गाठा."

टेकचंदला पटलं. पाच वर्षांच्या बैलाला कोणी पाच खंडी धान ओढायला लावत नाही. पण पटलं तशी शंकाही आली. रक्षा कॉलेजपासून खेळते आणि तिला एवढं माहीत नाही? सोंग घेते लेकाची.

मग तो तिच्याशी ग्रुपबाहेर, वेगळ्यानं बोलायला लागला. तिचे प्रश्न ऐकून संशय वाढतच गेला. शेती किती? घरी कोणी दारू पेते का? म्हणजे डोळा शेतीवर, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

"तुहा बाप कसा आहे?" तिनं एकदा विचारलं.

"लई चांगला माणूस," टेकचंदनं घाम पुसत लिहिलं.

"मंग लग्नाले नाही काहून म्हणते?"

टेकचंदनं फोन उशीखाली सारला आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर काढला नाही.

शेवटी त्यानं सापळा लावला. "आपुन पळून जायाचं का?"

"नाही," उत्तर आलं. "मायबापाले रडवून संसार होत नाही. तुह्या मनात तसं असन, तर आत्ताच सांग."

टेकचंद वरमला. एवढी समज या वयात? हेही नाटकच असेल, असं स्वतःला बजावून तो पुन्हा खेळायला बसला.

पण पुढच्याच खेळात गुहेतल्या राक्षसानं त्याच्या जादूगाराला लोळवलं. रक्षा खेळात वैद्य होती. तिसऱ्या लेव्हलचा एकच मंत्र तिच्याकडे उरला होता. तो स्वतःसाठी वापरला तर ती गुहेबाहेर पडत होती, त्याच्यावर वापरला तर तो जिवंत होत होता.

"वीरेंद्रले उठवते," तिनं लिहिलं. "त्याले टाकून कशी जाऊ?"

टेकचंदचा चष्मा ओला झाला. खेळातलं का असेना, आपल्या पोरासाठी असं मागं राहणारी पोरगी दुसरी कुठे शोधणार होता तो? जात घेऊन काय चाटायची आहे? त्यानं तिथंच ठरवलं.

"मंगळवारी साकोलीच्या बसस्टँडवर ये. एकटीच ये. खास गोष्ट सांगतो," त्यानं लिहिलं.

"येते. मले बी सांगाचीच आहे."

मंगळवारी धुतलेला सदरा घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन टेकचंद बसस्टँडच्या बाकावर जाऊन बसला. येणाऱ्या प्रत्येक पोरीकडे तो बघत होता, पण एकही थांबेना. आपल्याला बनवलं की काय? संशय पुन्हा उसळी मारू लागला.

निळ्या साडीतली पन्नाशीची एक बाई इकडेतिकडे बघत त्याच्यापाशी आली.

"भाऊ, इथं एखांदा जवान पोरगा उभा होता का जी?"

"नाही बा. मी बी एका पोरीचीच वाट पाहून राहिलो."

बाई दमून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. टेकचंदनं फोन काढला आणि लिहिलं, "मी बाकावर बसून आहो. तू कुठं आहेस?"

बाईच्या मांडीवरचा फोन वाजला. तिनं पिशवीतून चष्मा काढला, मेसेज वाचला, मान उंचावून पोरगा कुठे दिसतो का पाहिलं, आणि एका बोटानं हळूहळू काहीतरी लिहिलं.

टेकचंदचा फोन वाजला.

"मी बी बाकावरच बसली आहो."